अडीचशेवं माणूस

"आज तरी येतोय का तुमचा मोजणीवाला?" सुनेनं उंबऱ्यात बसून विचारलं. हात कमरेवर, पावलं सुजून टम्म झालेली.

"येईल गं. चढावर पाय मुरगळलाय म्हणे त्याचा, निरोप आलाय," नर्सबाई म्हणाल्या. "आजचा दिवस कळ काढ."

आजचा दिवस, आजचा दिवस, असं त्या तीन दिवस म्हणत होत्या.

डोंगरावरच्या त्या गावाला रस्ता मिळत नव्हता, कारण माणसं कमी भरत. मोजणीच्या दिवशी अडीचशे माणसं गावाच्या हद्दीत हजर सापडली तर रस्ता, नाहीतर पुढची दहा वर्षं पायवाट तुडवा. मागच्या खेपेला दोनच माणसं कमी पडली. त्या वेळी पाच गरोदर बायका खाली डांबरी सडकेजवळच्या नातलगांकडे राहायला गेलेल्या, आणि त्यांना धाडलं होतं नर्सबाईंनीच. आठवा लागला की बाईनं वर राहायचं नाही, हा त्यांचा कायदा. एकोणतीस वर्षांत तो त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. कुणी कुरकुर केली तर अशा खडसावत, की खाष्ट सासवाही गपगुमान सुनेचं बोचकं बांधायला घेत.

या खेपेला त्यांनी घरोघर फिरून आधीच डोकी मोजली. दोनशे एकोणपन्नास. अडीचशेवं माणूस खाली चुलत बहिणीकडे होतं, त्यांचीच सून, नववा महिना. एकाच दिवसाचा तर प्रश्न होता. नर्सबाईंनी तिला खुर्चीत बसवून वर आणवलं.

"आई," सून उठता उठता थबकली, "ओलं लागतंय."

नर्सबाईंनी पाहिलं. ते पाणी नव्हतं, रक्त होतं.

दोन्ही अंगांना बांबू बांधलेली ती लाकडी खुर्ची चौघांनी खांद्यावर घेतली. सडकेपर्यंत अडीच तासांची उतरण. नर्सबाई खुर्चीला लगटून, सुनेचं मनगट धरून जवळजवळ पळत होत्या. "पाय उचला रे. बोलू नका, दम राखा." स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं असं त्यांना वाटत होतं, पण हात रिकामा नव्हता.

"आई, मला मोजायचं राहिलं की," सून पुटपुटली.

"खड्ड्यात गेली ती मोजणी. तू डोळे मिटू नकोस."

खिंडीच्या अलीकडे मोजणीचा कारकून भेटला. काठी टेकत, लंगडत, काखेत वह्या. त्यानं वाट अडवली. "थांबा हो. खिंड ओलांडलीत की हद्दीबाहेर, मग तुम्ही सहाही जण गैरहजर पडाल. इथंच लिहून घेतो."

तसंही खांदे बदलायचे होते. खुर्ची खाली टेकली. चौघांनी आपापली नावं सांगितली, तेवढ्यात नर्सबाईंची बोटं मनगटावरून गळ्याशी गेली. तिथं ती बराच वेळ राहिली. हजारो नाड्या पाहिलेली बोटं. ती चुकणार नव्हती. त्यांनी चादर सुनेच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि उन्हासाठी म्हणून तिचा पदर डोळ्यांवर ओढला.

"या कोण?"

"सून माझी." त्यांनी नाव सांगितलं. वय सांगितलं, बावीस.

"डोळा लागलाय वाटतं. हजर ना?"

नर्सबाईंनी मान वर केली. चौघं घाम पुसत उभे होते. त्यातल्या एकाच्या बायकोला सातवा चालू होता.

"हजर," त्या म्हणाल्या.

कारकुनानं खूण केली आणि वाट सोडली. चौघांनी खुर्ची उचलली आणि पुढचे दोघं पुन्हा धावू लागले.

"सावकाश रे," नर्सबाई म्हणाल्या. "आता सावकाश चला."

पुढच्यानं मागं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं चाल कमी केली.