रिंगेवर रिंग

आमच्याकडे गाडीचं ऑईल कधी बदलायचं ते हेच ठरवत. गाड्या बदलल्या, घर बदललं, पण ऑईल बदलायला म्हणून आमची गाडी गॅरेजात कधी गेली नाही. पहिली गाडी घेतली तेव्हा आमची थोरली जेमतेम बोलायला लागली होती. गाडीखालून बाबांचे फक्त पाय बाहेर आलेले बघून तिने शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं होतं, "बाबांना गाडीने गिळलं!" काकू हातातली परात टाकून धावत आल्या होत्या.

तीच थोरली आता स्वतः चष्मा लावते. परवा चार दिवस राहायला आली, आणि दुसऱ्याच रात्री जेवताना तिने विषय काढला.

"बाबा, गाडी विकून टाकू या आता."

ह्यांनी घास तोंडात नेता नेता थांबवला. "का? तिने काय तुझं घोडं मारलंय?"

"काल मला आणायला आलात तेव्हा चौकात ब्रेक किती उशिरा मारलात! माझा जीव खालीवर होत होता."

"तो सायकलवाला मध्येच घुसला."

"तो बिचारा कधीचा उभा होता, बाबा."

ह्यांनी थांबवलेला घास खाऊन टाकला. मग म्हणाले, "हे बघ, ज्याला गाडीचं ऑईल बदलता येतं त्याने गाडी ठेवावी. मला जमतंय तोवर गाडी माझी. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी किल्ली मीच देईन."

"मग उद्याच बदला. मी बघते."

"बघ की! लहानपणापासून बघतच आलीयस."

मी मध्ये पडले नाही. गाडी मलाही हवी होती. धाकट्या बहिणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिला आठवड्यातून एकदा भेटल्याशिवाय मला करमत नाही. पण गेले काही महिने एक गोष्ट मला टोचत होती. हे शर्टाची बटणं आरशात बघून लावायला लागले होते. जन्मभर वर्तमानपत्र वाचता वाचता बटणं लावणारा माणूस! विचारलं तर म्हणाले, "शिंप्याने काजं लहान केलीत." तो शर्ट पाच वर्षं जुना होता.

सकाळी ह्यांनी गाडीची पुढची चाकं लाकडी उतारांवर चढवली. हे उतार त्यांनी स्वतः केलेले. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, खाली पुठ्ठा अंथरला आणि जुनी विजार घालून आडवे झाले. थोरली पायरीवर चहाचा कप घेऊन बसली.

"बाबा, आधी बोल्ट लावा हं, मग ऑईल ओता," तिने टोमणा मारला.

एका वर्षी ह्यांनी खालचा बोल्ट न लावताच वरून नवं ऑईल ओतलं होतं. सगळं सरळ खालच्या घमेल्यात. तो किस्सा आमच्या घरात इतका चालला, की जावईसुद्धा लग्नाच्या आधी ऐकून होते.

"त्या दिवशी तुला ताप होता, म्हणून माझं लक्ष नव्हतं," गाडीखालून उत्तर आलं.

"मागच्या वेळी म्हणालात आईला ताप होता."

"घरात तापाची साथ होती!"

बोल्ट सुटला. काळं ऑईल आधी जाड धारेने, मग दोऱ्यासारखं, मग थेंब थेंब घमेल्यात पडलं. मी नेहमीसारखी शेजारी स्टुलावर बसून मागतील ते देत होते. पान्हा, फडकं, नवा फिल्टर. ह्यांनी जुना फिल्टर फिरवून काढला, तो बसतो ती जागा फडक्याने पुसली आणि वरून बोट फिरवलं. हे बोट फिरवणं कधी चुकायचं नाही. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर रिंगेवर रिंग बसते आणि सगळं ऑईल बाहेर येतं. हे मला पाठ होतं, कारण दर खेपेला ते मोठ्याने सांगायचे.

या खेपेला बोट फिरवलं, पण बोलले काहीच नाहीत.

नवा फिल्टर बसला, बोल्ट लागला. नरसाळ्यातून नवं, मधासारखं ऑईल आत गेलं. थोरलीने स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि खालून फस्सकन आवाज आला.

"बंद कर! बंद कर!" हे ओरडले.

तेवढ्यात फरशीवर हे एवढं थारोळं झालं होतं. थोरली उतरली आणि तिने वाकून बघितलं.

"फिल्टरच बनावट निघाला," हे म्हणाले.

"मी मागून भुसा घेऊन येते," म्हणून ती घराला वळसा घालून गेली.

हे पुन्हा गाडीखाली शिरले. मी पुठ्ठ्यावर बसले, मग एका कुशीवर झाले, मग कशीबशी गाडीखाली सरकले. गुडघ्यांनी जोरदार निषेध केला.

"अगं, तू कुठे निघालीस?"

"टॉर्च धरायला. काढा तो फिल्टर."

त्यांनी काढला. मी वर हात घालून बोट फिरवलं. जुनी रिंग तिथेच होती, चांगली पेन्सिलीएवढी जाड. आंधळ्यालाही कळली असती.

"अहो, ही लागली नाही तुम्हाला?"

हे वर इंजिनाकडे बघत राहिले. टॉर्चच्या उजेडात त्यांच्या नाकावर ऑईलचा ठिपका दिसत होता.

"नाही लागली," ते म्हणाले. "काहीच लागत नाही गं. हातमोजे घातल्यासारखं वाटतं."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

मला थोरलीने सांगितलेला तो चौक आठवला. "आणि पायांना?"

मागे थोरलीने कोठीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"उजव्याला जास्त," ते म्हणाले.

मी रागावणार होते. पण दोघंही गाडीखाली उताणे पडलेलो, अंगावर ऑईल ठिबकतंय. रागवायला सुद्धा जरा उभं राहावं लागतं. मी रिंग नखाने उचकटून काढली.

"आता सांगा, काय करू?"

"जागा पूस. कोरड्या फडक्याने. आता बोट फिरव. काय लागतं?"

"गुळगुळीत."

"सगळीकडून?"

"सगळीकडून."

"नव्या रिंगेला ऑईलचं बोट लाव. हं. आता फिल्टर हाताने फिरव. बसला की आणखी थोडा. पान्हा नको, हातानेच."

थोरली भुसा घेऊन आली तेव्हा माझे पाय तिला गाडीखालून दिसले असणार. "आता आईलाही गिळलं का?" ती म्हणाली, आणि मला हसू आवरेना.

सांडलं होतं तेवढं ऑईल पुन्हा भरलं. ऑईलची पट्टी ओढून बघितली, खुणेवर होतं. थोरलीने किल्ली फिरवली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. एक थेंब नाही. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं.

थोरली उतरली. ह्यांचा ऑईलने माखलेला चेहरा बघून ती विरघळली असावी. "चला, एकदा चुकलं, पण जमलं तुम्हाला. शब्द म्हणजे शब्द. गाडी तुमची." तिने किल्ली पुढे केली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बोलले नसते तर मला बोलावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. ह्यांनी फडक्याला एकेक बोट पुसलं, हळूहळू, डोळ्यांनी बघत बघत.

"ऑईल तुझ्या आईने बदललं," ते म्हणाले. "मग गाडी तिची."

"आईने? आणि तुम्ही काय केलंत?"

"मी लोळत होतो." मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, बोटांचं आणि पायाचंही. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. थोरली पायरीवर बसली, चष्मा काढून पदराला पुसत राहिली. "उद्या डॉक्टरकडे," ती एवढंच म्हणाली. ह्यांनी मान हलवली. कधी नव्हे ते कुरकुर केली नाही.

किल्ली माझ्या हातात आली. गाडी मला ह्यांनीच शिकवली होती, थोरलीला शाळेत मीच सोडायचे. पण हे निवृत्त झाल्यावर स्टिअरिंग आपसूक त्यांच्याकडे गेलं, आणि मीही कधी मागितलं नाही.

जुनं ऑईल डब्यात भरून गॅरेजात द्यायचं होतं. मी सीट पुढे ओढली, आरसा फिरवला. हे शेजारी बसले, थोरली मागे, डबा पायाशी घट्ट धरून.

"क्लच हळू सोड."

"मला माहीत आहे."

"उजवीकडे बघ आधी."

"अहो, गप्प बसा की! तुम्हीच शिकवलंय ना?"

"म्हणून तर काळजी."

मागून थोरली फिसकन हसली. चौकात एक बाई मुलाचा हात धरून रस्त्यात उतरली. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. शेजारी ह्यांचा उजवा पायही सवयीने खाली दाबला गेला होता. त्यांनी मान वाकवून तो बघितला, मग रस्ता ओलांडणाऱ्या त्या दोघांकडे बघितलं.

"वेळेवर दाबलास," ते म्हणाले.