कोपऱ्यातली तारीख

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि उभ्या आयुष्यात मी कधी खोटे बोललो नाही. महांतेशचे वाटोळे मी खरे बोलूनच केले.

माझा जन्म कारखान्यात वगैरे झाला नाही. १९९९ साली हंबीररावांनी सुटे भाग आणून मला राजारामपुरीत टेबलावरच जुळवले. त्यांच्या नेट कॅफेतला मी पहिला. त्यामुळे दसऱ्याला झेंडूचा हार मला, आणि कुंकू थेट पडद्यावर.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचे आणि घरात कुणी फोन उचलला की जायचे. नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षेला बसणारी पोरे एकेका पानासाठी ताटकळत. २००१मध्ये हंबीररावांनी युक्ती केली. प्रश्नोत्तरांची एक अख्खी साइट माझ्या पोटात उतरवून घेतली आणि तार काढून वाचणाऱ्याला निम्मा दर लावला. पोरांनी त्यांना डोक्यावर घेतले.

त्या साइटच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख असे. ती साइटची नव्हती. पान उघडले की ते माझ्या घड्याळाला विचारायचे आणि मी त्या दिवशीची तारीख सांगायचो. रोज बिनचूक. मजकूर मात्र २००१चाच.

महांतेश शिरोळचा. २००४मध्ये तो सकाळच्या एसटीने येऊ लागला. वडील शिवाप्पा यांचे खताचे दुकान. त्यांनी एकच संधी दिली होती. पास झाला तर पुण्याची नोकरी, नाहीतर दुकानात बसायचे. महांतेशला खताच्या वासाने मळमळायचे. चार महिन्यांत त्याने सहाशे उत्तरे पाठ केली. पाने जुनी तर नाहीत, अशी शंका त्याने एकदा काढली होती. हंबीररावांनी कोपऱ्यावर बोट ठेवले. शंका मिटली.

परीक्षा मधल्या काळात बदलली होती. पुण्यात पहिल्या दहा प्रश्नांत त्याच्या ओळखीचे दोनच निघाले.

परत आल्यावर त्याने माझ्यावर तेच पान उघडले. मी तारीख दाखवली.

"मामा, ह्यातलं कायबी न्हवतं आलं."

हंबीररावांनी वाकून पाहिले. "तारीख आजची हाय की. पान ताजं हाय. तुझंच वाचन कमी पडलं, गड्या."

महांतेशने तारीख पुन्हा वाचली. "व्हय," तो म्हणाला. "माझंच."

साइट कधी उतरवली याची नोंदही माझ्याकडे होती. ती कुणी विचारली नाही, आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. त्याची खुर्ची गार व्हायच्या आत तिथे दुसरा बसला.

पुढे ब्रॉडबँड आले. मी माळ्यावर गेलो. २००८मध्ये शिवाप्पांनी बिले छापायला मला स्वस्तात उचलले. आता माझ्या पंख्यात युरियाची भुकटी आहे.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ अधूनमधून झटका. आणि कोपऱ्यातली तारीख बघून निर्धास्त होऊ नका. आतला मजकूर कधीचा आहे ते विचारा.

माझ्या घड्याळाचा सेल संपला आहे. दुकान उघडले की महांतेश भिंतीवरचे कॅलेंडर बघतो आणि मला आजची तारीख सांगतो.