गाजरगवताचं पांघरूण

बागेतले थोरले माळी काडीही वाया घालवत नसत. उपटलेलं गाजरगवत ते सुकवायचे आणि वाफ्यांवर पसरायचे, ओल टिकावी म्हणून. "शत्रूलाच राबवायचं," म्हणायचे.

त्यामुळे ताईनं दिलेलं रानफुलाचं बी दोनदा पेरूनही उगवलं नाही, तेव्हा त्यांना गवताचा संशयही आला नाही. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ते फूल आता फक्त खाणीच्या काठावर उरलं होतं. तिथून गुडघे टेकत तिनं एकेक दाणा वेचला होता. "तुझं बी पोचट आहे, ताई," असं ते साऱ्या माळ्यांसमोर बोलून गेले. ताई उठून गेली. उरलेलं मूठभर बी चिमण्यांना घालते, असा निरोप मात्र आला.

बागेच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी माळ्यांकडच्या पुडीतले शेवटचे वीस दाणे दोन बशांत टीपकागदावर ठेवले होते. एका बशीत साधं पाणी, दुसरीत वाफ्यावरचं वाळकं गवत भिजवलेलं पाणी. आज पहिलीत नऊ दाण्यांना मोड आले होते. दुसरीत एकालाही नाही.

"काका, बी ठणठणीत आहे. गाजरगवत वाळलं तरी त्यातली द्रव्यं पाण्याबरोबर मातीत उतरतात. शेजारच्या बीला उठूच देत नाहीत."

"आणि मी त्याचंच पांघरूण घातलं."

माळ्यांच्या डोळ्यांसमोर जुने वाफे येऊ लागले. आजवर किती बियांना आपण पोचट ठरवलं असेल?

दोन्ही बशा घेऊन ते तडक ताईकडे गेले. ताई दारातच उभी राहिली.

"बशा कसल्या? चहा प्यायला आलास?"

"चुकलो, ताई. बी चांगलं होतं. मीच मारलं."

"हे मला एकटीला सांगतोस? बोललास चौघांत."

दुसऱ्या दिवशी अवजारं वाटताना थोरल्या माळ्यांनी सगळ्यांसमोर, अडखळत, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. ताई मागे उभी होती. तिनं पदराची गाठ सोडली, त्यांच्या तळहातावर थोडं बी ओतलं आणि पुन्हा गाठ मारली.

"चिमण्यांना नाही घातलंस?"

"घालणार होते. हात होईना. हे अर्धं घे."

"आणि बाकीचं?"

"माझ्याजवळ राहू दे. तुझा पश्चात्ताप खरा आहे रे, पण सवय चाळीस वर्षांची आहे."