शिस्तरबाईंचं पातळ

लातूर जिल्हा झाला तेव्हा करडवाडीला वाटलं, आता पाणीही जिल्ह्याच्या इतमामानं मिळेल. मिळाला टँकर, तोही दोन दिवसांआड. विहिरी मात्र जुन्या जिल्ह्यात होत्या तितक्याच नव्या जिल्ह्यातही कोरड्या राहिल्या.

गावात केरळातून आलेल्या सिस्टर थ्रेसियांचा दवाखाना होता. त्या वेळेच्या पक्क्या, म्हणून गावानं सिस्टरचं शिस्तरबाई करून टाकलं होतं. पायघोळ पांढरा झगा आणि कपाळापासून मानेपर्यंत घट्ट पांढरं फडकं. त्या फडक्याखाली केस आहेत की चकोट, हा साखराबाईचा सहा वर्षांचा प्रश्न होता. एकदा तिनं उवांचं औषध मागण्याच्या मिषानं विचारलंही होतं, "तुम्ही काय लावता वो डोक्याला?" बाई म्हणाल्या, "साबण." त्यानं काहीच निकाल लागला नाही.

त्या झग्याला रोज दोन बादल्या पाणी लागायचं. टँकरपाशी बाया काही बोलत नसत, नुसत्या दोरीवरच्या झग्याकडे बघत. बाईंना ते बघणं बोलण्यापेक्षा जास्त लागलं. साडी नेसायची मोकळीक म्हणे रोमनं वीस वर्षांपूर्वीच दिली होती. मराठवाड्यात पोचायला तिला जरा उशीर झाला.

सोमवारी सकाळी बाई पांढऱ्या पातळात ओट्यावर आल्या. डोकं उघडं. साखराबाईनं बघितलं : केस होते, चांगली वेणी होती. तिचा जीव निवला. मग नजर खाली आली. पांढरं पातळ, भुंडं कपाळ, भुंडे हात. तिनं पदर तोंडाला लावला.

"कधी झालं वो हे?"

"कालच," बाई हसून म्हणाल्या. "किती वर्षं वाट बघत होते मी."

साखराबाई तडक घरी आली. दुपारपर्यंत गावानं त्या मयत नवऱ्याला केरळात नारळाची बाग, दम्याचा आजार आणि एक सावत्र भाऊ देऊन टाकला. बाई हसल्या त्या अर्थी बाग बाईंच्याच नावावर असणार, हेही ठरलं. पण पोटुशा बायांनी दवाखान्याची वाट सोडली. बाळंतपणात पहिलं तोंड पांढऱ्या कपाळाचं कोण बघणार?

अडचण साखराबाईच्याच घरात होती. धाकट्या सुनेचे, सिंधूचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं लेकरू माहेराहून दवाखान्यात नेताना उदगीरच्या रस्त्यावर बैलगाडीतच गेलं होतं. घरात लातूरच्या मोठ्या दवाखान्याचं बोलणं निघालं तशी ती भिंतीला टेकून म्हणाली, "मी गाडीत बसणार न्हाई. जाईन तर बाईकडंच."

आता सासूलाच बाईंकडे जाणं भाग होतं. शिवाय त्या नवऱ्याबद्दल अजून बरंच कळायचं राहिलं होतं. ती खोकला घेऊन दवाखान्यात गेली आणि खोकायचंच विसरली.

"बाई, मालक काय करत होते?"

बाईंना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी बोटातली अंगठी दाखवली. व्रत घेतलं तेव्हाची. आमचं लग्न देवाशी, म्हणाल्या.

"मंग ते गेले कधी?"

"शुक्रवारी गेले," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "रविवारी उठले."

"उठले म्हंजे? जित्ते हायत?"

"हो. दिसत नाहीत, पण असतात."

साखराबाईला यात नवल वाटलं नाही. तिचे भुजंगराव जिल्हा झाल्यापासून लातूरलाच कचेऱ्या धुंडाळत होते. तेही दिसत नव्हते, पण होते. तिला पेच पडला तो पातळाचा. सवाशीण बाई पांढरं कशाला नेसेल?

कोपऱ्यात सुया उकळत बसलेली आया पारूबाई तेव्हा बोलली. "साखरामाय, आमची लेक पंचशीला बुद्धाम्होरं पांढऱ्या पातळातच बोहल्यावर उभी राहिली. तिचा दादला कलेक्टर कचेरीत शिपाई हाय, धडधाकट. आन् मी? मालक जाऊन बारा वर्षं झाली, हिरवं नेसते. तुमच्या थोरल्या शेषेरावच्या पहिल्या लेकीची नाळ मीच कापली. तवा कुणी माझं कपाळ बघितलं?"

साखराबाई खोकल्याचं औषध न घेताच उठली. टँकरपाशी गेल्यावर मात्र तिनं ठणकावून सांगितलं, की शिस्तरबाई सवाशीण हाय, आणि ज्याला शंका असंल त्यानं रविवारपर्यंत थांबून बघावं.

सिंधू गुरुवारी सुटली. मुलगी झाली, मोठ्यानं रडली. साखराबाई करंडा घेऊन आली आणि बाईंना काही कळायच्या आत त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मग पारूबाईसमोर क्षणभर घुटमळली, आणि तिलाही लावलं.

नेमकी तेव्हाच लातूरहून मोठ्या मदरची जीप आली. साडी गावाला कितपत मानवली ते बघायला. मदरनी त्या कपाळाकडे बघितलं. शिस्तरबाईंचा हात पदराकडे गेला.

"राहू द्या माय," साखराबाई मध्ये पडली. "पुसलं तर पातळाला लागंल. मंग ते धुवावं लागंल. टँकर परवा हाय."

मदरनी नव्या लेकराकडे बघितलं, ओट्यावर येऊन बसलेल्या दोन पोटुशा बायांकडे बघितलं, आणि विषय वाढवला नाही. त्या अजून जुन्याच झग्यात होत्या. कपाळापासून मानेपर्यंत घट्ट फडकं.

साखराबाई हळूच त्यांच्या जवळ सरकली.

"माय," तिनं विचारलं, "तुम्ही काय लावता वो डोक्याला?"