गुरुवारचा वेग

"गाडी हळू हाक धन्या, घाट उतरं वळणानं,
माझं लेकरू झोपलं, पदराच्या पांघुरणानं."

बैलगाडीत मागं बसून आई हे वडलांना गाऊन सांगायची. पदराखालचं लेकरू म्हणजे त्रिंबक. पुढच्या ओळी त्याला कधी ऐकू आल्या नाहीत, कारण तिथवर त्याचा डोळा लागलेला असायचा.

त्या दोन ओळींवर त्रिंबकरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. एकही अपघात नाही. सासरी निघालेली लेक त्यांच्या गाडीत रडत बसली, तर उतरेपर्यंत रडून, झोपून, उठून, भाकरी खाऊन हसायलाही लागलेली असायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी मांजरसुंब्याला घर बांधलं, एक जुनी पांढरी कार घेतली आणि तीही त्याच चालीनं हाकली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागून हॉर्न देत त्यांना ओलांडून जात. ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असत, ती लांब जाईपर्यंत त्रिंबकराव शांतपणे ऐकत.

जानेवारीत बीडच्या लायसनच्या हापिसातून एकाच दिवशी दोन पाकिटं आली.

पहिल्यात लिहिलं होतं, रस्ता सुरक्षा सप्ताहात 'सुरक्षित सारथी' म्हणून आपला सत्कार योजला आहे. शाल, श्रीफळ, दोन शब्द. मंगळवार, सकाळी अकरा.

दुसऱ्यात होतं, आपल्या वाहनानं तीनदा वेगमर्यादा ओलांडली आहे. आपलं लायसन तीन महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा करावा. मंगळवार, दुपारी बारा.

दोन्हींखाली सही एकाच साहेबांची होती.

"एकशे चार," त्रिंबकराव कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले. "पाटोद्याच्या रस्त्याला. आपली गाडी."

वत्सलाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी भाकरी उलटली. "यंत्र येडं झालं असंल," त्या म्हणाल्या. भाकरी जरा करपली.

दंडाचे मेसेज मोबाइलवर आधीही आले होते. पण असल्या मेसेजला हात लावला की खातं रिकामं होतं, असं पारावर ठरलेलं असल्यानं त्यांनी ते पुसून टाकले होते. आता मात्र लायसनवर आलं होतं. पेन्शन गेली असती तर त्यांनी सोसलं असतं. लायसन म्हणजे एकतीस वर्षांचा माणूस होता, घडी घालून खिशात ठेवलेला.

ते जाकीरच्या गॅरेजवर गेले. जाकीर मेस्त्री गाडीखालून नुसतं डोकं बाहेर काढून बोलला.

"काका, तुमची गाडी साठच्या वर गेली तर मला सांगा. मी पेढे वाटतो."

"मस्करी न्हाई. कुणीतरी माझ्या नंबरची पाटी बनवलीय का?"

"पाटी चोरायची तर माणूस आमदाराची चोरंल. तुमची कावून चोरंल बे कुणी?" मग वडीलधाऱ्याला बे म्हटलं म्हणून त्यानं कान धरले. "तारखा काय हायत?"

"तिन्ही गुरुवार."

जाकीरचं डोकं परत गाडीखाली गेलं. "काकूला इचारा," तो आतून म्हणाला.

"तिला काय कळतंय गाडीतलं?"

गाडीखाली पाना हातातून सुटल्याचा आवाज झाला.

गुरुवार ऐकून त्रिंबकरावांना मात्र हुरूप आला. दर गुरुवारी ते सकाळी नऊच्या एसटीनं बीडला जात, डेपोच्या कट्ट्यावर जुन्या ड्रायव्हरांत बसत आणि चारच्या गाडीनं परतत. कार घरी उभी. एसटीच्या माणसानं एसटी असताना दुसऱ्या गाडीनं जाणं त्यांना बेइमानी वाटे. तिकिटंही ते टाकत नसत, पंचांगात जपून ठेवत. त्यांनी तिन्ही गुरुवारची तिकिटं शोधून खिशात घातली.

मंगळवारी नवराबायको बीडला गेले. साडेअकराला साहेबांनी शाल घातली. "असे सारथी जिल्ह्यात शंभर असते, तर आमच्या कॅमेऱ्यांवर कोळ्यांनी जाळी विणली असती," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. साहेब स्वतः सत्काराला अर्धा तास उशिरा आले होते आणि त्यांचा ड्रायव्हर, गाडी कशी उडवत आणली, ते दाराशी रंगवून सांगत होता.

बाराला तेच साहेब पलीकडच्या खोलीत बसले. त्रिंबकराव खांद्यावरच्या शालीसकट त्यांच्यापुढं उभे राहिले. मागच्या बाकावर वत्सलाबाई नारळ मांडीवर घेऊन बसल्या.

"अर्जदार कोण?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"मीच. आत्ता तुमीच शाल घातलीत."

"तो विषय वेगळा. खुलासा बोला."

त्रिंबकरावांनी तीन तिकिटं टेबलावर ओळीनं मांडली. "साहेब, त्या येळंला मी एसटीत होतो. हे बघा."

साहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "मग गाडी कोण चालवत होतं?"

"कुणीच न्हाई. पाटी चोरीची हाय."

साहेबांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला आणि चित्र मोठं केलं. काचेवर ऊन चमकत होतं, चालवणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. स्टेअरिंगवर एक हात होता. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. शेजारच्या सीटवर फडक्यात बांधलेली टोपली, आणि टोपलीला सीटचा पट्टा व्यवस्थित लावलेला.

ते फडकं त्रिंबकरावांच्या ओळखीचं होतं. एकतीस वर्षं त्यांचा डबा त्याच कापडात बांधून डेपोत जात होता.

मग त्यांनी तिन्ही तिकिटं एकेक करून उचलली आणि खिशात घातली.

"साहेब," ते म्हणाले, "मीच चालवत होतो."

"बांगड्या घालून?"

त्रिंबकरावांनी शाल मनगटापर्यंत ओढून घेतली. एकतीस वर्षांत खोटं बोलायची सवय लागली नव्हती.

मागं बाक वाजलं. वत्सलाबाईंनी नारळ बाकावर ठेवला, पदर सारखा केला आणि पिशवीतून स्वतःचं लायसन काढून टेबलावर ठेवलं. "हेच्यावर सही तुमचीच हाय साहेब, न बघता केल्याली. बंद करायचं तर हे करा. ह्यांचं नगं."

"वत्सला?"

"पाटोद्याच्या पुढं, कड्याला माझी थोरली भैन आक्का आठ म्हैने झाले अंथरुणाला खिळलीय," त्या नवऱ्याकडं वळल्या. "छबुबाई म्हणून हाक मारली तर सोताचं नावबी वळखत न्हाई, माझ्या हातचं तेवढं खाती. तुमी न्यायचा ते दिवाळीलाच. वाटंत तीन जागी चहा, दोन जागी टायरात हवा. चारच्या तुमच्या गाडीआधी जाऊन यायचं तर मी काय करू? जाकीरनं शिकवलं. त्याला बोलू नका."

"मला सांगायचं तरी."

"तुमी शिकवलं असतं? लग्नाच्या साली स्टेअरिंगला माझा हात लागला, तर फडक्यानं पुसून काढलंत."

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं.

"आणि आत्याबाईंचं, तुमच्या आईचं गाणं तुमी सगळ्यांना सांगता ते अर्धंच हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुमी झोपायचा. मला दळताना त्यांनी सगळं म्हणून दाखवलंय. तुमाला वाईट वाटंल म्हणून मी बोलले न्हाई." आणि त्या सरकारी खोलीत, फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये, त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं,

"बहिणीचा सांगावा आला, आता कासरा सैल सोड,
दिस बुडायच्या आत, गाडी उंबऱ्याला जोड."

मग त्या साहेबांकडं वळल्या.

"आणि साहेब, एकशे चार न्हाई. कॅमेऱ्याच्या पुढं उतार हाय, तिथं एकशे अकरा गेलती."