नाखवांच्या बोटीचा आलेख

गिरणीच्या डिझाइन खात्यात दत्ताराम मोरे लुगड्यांचे काठ चौकटीच्या कागदावर उतरवायचा. संपात गिरणी गेली, तसा तो दादरला कॉम्प्युटर शिकला. अठ्ठ्याऐंशी साली त्याला पहिलं काम मिळालं: वरळीच्या एका मच्छीमार सोसायटीला प्रत्येक बोटीच्या मासळीचा आलेख पडद्यावर काढून द्यायचा.

प्रोग्राम झाला, अडलं पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डापाशी. सीजीए कार्डावर रंग मिळायचे, पण रेघ जाडीभरडी. हर्क्युलिस कार्डावर रेघ सुईसारखी बारीक, पण रंग एकच. शेवटी दत्तारामने लॅमिंग्टन रोडवरून दोन्ही कार्डं, दोन्ही पडदे एका दिवसाच्या बोलीवर आणले आणि कमिटीला बोलावलं. नमुन्याला अध्यक्ष हरेश्वर नाखवांची बोट घेतली. मान त्यांचाच.

आधी सीजीए. पापलेट पांढरं, बोंबील गुलाबी, सुरमई निळी.

"वा! हेच घ्या," नाखवा खूश.

मासळी विकणारी तुळसाबाय कमिटीवर होती. तिने पडद्याला नाक लावलं. "ही रेघ हाय का जिना?"

"यात ठिपके कमी, बाय," दत्ताराम म्हणाला. "रोजची मासळी मावत नाही, म्हणून आठवड्याची एकत्र दाखवलीय."

मग हर्क्युलिस लावलं. आता रोजचा हिशोब दिसू लागला. तिन्ही रेघा दिमाखात चढायच्या आणि दर सातव्या दिवशी धाडकन तळाला जायच्या.

"बिघडलं तुझं मशीन," नाखवा घाईने म्हणाले.

दत्तारामने तारखा तपासल्या. "मशीन ठीक आहे. हे सगळे रविवार आहेत."

"रविवारी तर तुमचं इंजिन बंद पडतं, असं सांगता ना, दादा?" तुळसाबायने विचारलं. "दर रविवारी?"

नाखवांनी घाम पुसला. "सकाळी टीव्हीवर ती पौराणिक मालिका असते... देवाधर्माचं काम. पण मी काय म्हणतो, रंगीतच बरं. डोळ्यांना त्रास नाही."

बाकीची कमिटी हसत सुटली. दत्तारामने मात्र वायर गुंडाळायला घेतली. अध्यक्षाला उघडं पाडलं, आता काम गेलंच, असं त्याला वाटलं.

तुळसाबाय हसली नाही. "मालिकेच्या टायमाला गिऱ्हाईक तरी कुठं येतं? मीपण पाटी झाकून शेजारी टीव्ही बघते," ती म्हणाली. "रविवारी सगळ्याच बोटी मालिका संपल्यावर सोडा ना."

ठराव एकमताने झाला. हर्क्युलिसचाही झाला, विरोधात एकच हात वर होता, आणि तोही अर्धाच.

दत्तारामने रंगीत पडदा खोक्यात घातला. नाखवा स्वतः तो टॅक्सीपर्यंत उचलून न्यायला आले. वाटेत हळूच म्हणाले, "दत्ताराम, यावर मालिका दिसते का रे?"