सोळा टोकं

भालकीच्या आमच्या खासगी आयटीआयत मी सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवला, आणि शेवटची अकरा वर्षं माझा निकाल शंभर टक्के लागला. गेटवर तसा बोर्ड आहे. त्यावर अध्यक्षांचा फोटो आहे. मागच्या ट्यूबलाइटची वायरिंग तेवढी माझी.

निकालाचं गुपित साधं होतं. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग नव्यानं भरताना पोरं तारेच्या कॉइली करतात, खाचांत बसवतात, इथवर सगळ्यांना जमतं. मग वर सोळा टोकं उरतात. कुठलं टोक कुठल्याला जोडायचं, तिथं भल्याभल्यांचे हात थरथरतात. मला थरथरणारे हात बघवत नाहीत. मी जवळ जायचो, हात पुढं करायचो, म्हणायचो, "आण इकडं." आमच्या भागात मोठ्या माणसानं हात पुढं केला की हातातलं देऊन टाकायचं असतं, कामून म्हणून विचारत न्हाईत. मी जोडून द्यायचो, मोटार फिरायची, पोरं हसायची, मी वहीत गुण टाकायचो. कुणाचंच मन दुखत नव्हतं.

मध्ये एकदा आम्हा शिकवणाऱ्या निदेशकांना कलबुर्गीला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं होतं. विषय होता, वर्गात विद्यार्थ्यांना बोलतं कसं करायचं. सांगणारे साहेब दोन दिवस एकटेच बोलले. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, आम्हीही काही विचारलं नाही, आणि शिबिर उत्तम झाल्याचं सगळ्यांनी लिहून दिलं.

त्याच वर्षी रेणू आली. हुलसूरच्या तुळजारामची लेक. त्याचा बाप मेंढरं राखायचा, तो स्वतः मजुरीला जातो. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला आमच्याकडची ही पहिलीच पोरगी. रोज पहिल्या बसनं यायची, पहिल्या बाकावर बसायची. खाचेत कॉइल बसवावी तर तिनं. तारेचा लाखेचा थर कुठं खरवडायचा न्हाई. टोकांपाशी आली की मात्र ती थोडा वेळ घ्यायची. वेळ घेणं आणि अडणं यांत फरक असतो. मला तो दिसला नाही.

एकदा मी हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "सर, मी करू का?"

मी म्हणालो, "तू बघ. बघून येतं."

तिनं मोटार माझ्याकडं सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बघत बसली. दोन वर्षं ती तशी बघत होती. फार लक्ष देऊन बघायची. तिला मी ब्याण्णव टक्के दिले.

जवळच्याच एका साखर कारखान्यात वाइंडिंग खात्यात एक जागा निघाली. कायमची. तिथला फोरमन गुरुपादय्या माझ्या पहिल्या बॅचचा. मी त्याला फोन करून सांगितलं की अशी पोरगी तू बघितली न्हाईस. तो म्हणाला, शिफारस नको, चाचणी देऊ द्या. मला ते आवडलं. तुळजारामनं चाचणीच्या दिवशीची मजुरी सोडली आणि लेकीबरोबर गेला. गेटच्या आत सोडेनात, म्हणून दिवसभर बाहेर लिंबाखाली बसला.

संध्याकाळी गुरुपादय्याचा फोन आला.

"कॉइली काय बसवल्यात सर तिनं. मला जमत न्हाईत तशा," तो म्हणाला. "मग सोळा टोकं वर काढली आन् थांबली."

"मग?"

"मग मोटार माझ्याकडं सरकवली. हात मांडीवर घेऊन बघत बसली. मी इचारलं, काय पायजे, अक्का? काय बोलंना. मी अर्धा तास थांबलो सर. ती माझ्या हातांकडं बघायली होती."

तोच पुढं म्हणाला, "आमच्या टायमाला तुम्ही कवा हातातलं घेतलं न्हाई सर."

त्याच्या टायमाला चाळीस पोरं होती आणि मी नवा होतो. कुणापाशी जायला सवडच मिळायची नाही. ते सगळे शिकले. पुढं पोरं कमी झाली, मला सवड झाली, आणि मी प्रेमळ झालो.

जागा दुसऱ्याला गेली. महिन्यानं सर्टिफिकेटं छापून आली. रेणू न्यायला आली नाही, म्हणून मी पोचवही घेऊन हुलसूरला गेलो. मनात ठरवून गेलो होतो की पोरीला परत बोलवायचं, रोज दोन तास बसवायचं, आणि आपण खोलीबाहेर उभं राहायचं.

ती चंद्रम्माच्या शिलाईच्या दुकानात होती. मला बघून मशीन थांबवून उठली, पाया पडली, स्टूल दिलं. शेजारून चहा आणला. मी जे ठरवलं होतं ते सांगितलं. चंद्रम्मा कात्री घेऊन उगीच आत गेली.

"तुमचं काय चुकलं न्हाई सर," रेणू म्हणाली. "तुम्ही लई जीव लावून शिकवलात. माझंच ध्यान कमी पडलं असंल."

"ध्यान न्हाई गं कमी. परत येतीस का? माझ्यासाठी ये."

तिनं मशीनवरचं कापड सरळ केलं. "मोटार समोर आली की माझे हातच उचलना गेलेत सर," ती म्हणाली. "मी घरी पंखा खोलून बघितला. टोकांपाशी आले की वाटतं, कुणीतरी येईल आता. इथं बरं हाय. चुकलं की चंद्रम्मा अक्का म्हणतात, उसव आन् परत घाल. दिवसातून धा येळा उसवायलेय."

मी सर्टिफिकेट पुढं केलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, सावकाश वाचलं, टक्क्यांवरून बोट फिरवलं आणि तसंच दोन्ही हातांनी मला परत दिलं.

"हे तुमचं हाय सर," ती म्हणाली. रागानं न्हाई, वर्गात कुणाची विसरलेली पट्टी द्यावी तशी.

मी निघालो तशी ती मागून दुकानाच्या पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, पोचवहीवर सही राहिली, ऑफिसात तुम्हाला बोलतील. पायरीवरच वही ठेवून, आपल्या नावासमोर, सर्टिफिकेट मिळाल्याची तिनं सही केली.